दमलेल्या रविवारी मित्रासोबत हसवून रडवणारा सिनेमा कसा बघावा

शनिवार-रविवार पाहुण्यांत, लग्नात नाहीतर देवदर्शनात गेला, की रविवारी रात्री साडेनऊला मित्राला फोन जातो, "ये की बे, कायतरी हलकंफुलकं लावू." मित्र येतो. पाऊण तास रिमोट फिरतो. सव्वादहाला एखादा सिनेमा 'कॉमेडी' म्हणून लागतो, अकराला यजमान घोरायला लागतो आणि मित्र एकटाच शेवट बघून, दार ओढून घेऊन निघून जातो. सोमवारी दोघंही म्हणतात, सिनेमा ठीक होता. बहुतेक वेळा सिनेमा चांगलाच असतो, बघण्याचा क्रम चुकलेला असतो.

हा लेख एकाच जातीच्या सिनेमाबद्दल आहे. पहिला दीड तास पोट धरून हसायला लावतो आणि शेवटी घशात आवंढा आणतो, तो. निव्वळ धांगडधिंग्याला यातली कुठलीच तयारी लागत नाही. तो जेवता जेवता, पेंगतानाही बघता येतो. या जातीत मात्र पूर्वार्धातल्या विनोदांचा हिशेब शेवटच्या अर्ध्या तासात होतो. समजा, सिनेमातले आजोबा झोपण्याआधी दाराची कडी रोज तीनदा ओढून बघतात आणि आपण दर वेळी हसतो. शेवटी कडी ओढून बघायला आजोबाच नसतात. आधीचे प्रसंग तुम्ही फोन चाळण्यात घालवले असतील, तर तुम्हाला शेवटी नुसतं एक दार दिसतं. म्हणून पुढची सगळी खटपट दोनच गोष्टींसाठी आहे: पहिल्या तासात लक्ष असावं आणि शेवटच्या अर्ध्या तासात अंगात थोडी धग शिल्लक असावी.

टप्पा १ : सिनेमा शुक्रवारीच ठरवा

दमलेल्या माणसाच्या हातात निवड देऊ नका. दोन दिवसांच्या धावपळीनंतर डोकं नवं काही घ्यायला तयार नसतं. बोट आपोआप आधी पाहिलेल्या सिनेमावर जातं, नाहीतर सगळ्यात भडक पोस्टरवर. शुक्रवारी रात्रीपर्यंत एकाने तीन नावं पाठवायची, दुसऱ्याने त्यातलं एक उचलायचं. तीनच. दहा नावांची यादी पाठवणारा मित्र निवडीचं काम तुमच्या गळ्यात टाकत असतो.

लांबी आधी बघा. सव्वादोन तासांच्या आतलाच सिनेमा घ्या. ॲपवर मिनिटं दिसतात, थिएटरात सुरुवातीला येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरही असतात. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दीड तासाच्या आसपास आटोपतो. थकलेल्या दिवशी एवढी लांबी आदर्श. मित्र पोराला घेऊन येणार असेल तर प्रमाणपत्रही वाचा. २०२४ च्या नियमांपासून 'यूए'मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. अर्थात पोरगं सोबत असेल तर माझा सल्ला सरळ आहे, दुसरंच काहीतरी लावा. "बाबा, तो काका का रडतोय?" याला उत्तर देत बसलेल्या माणसाला शेवट बघता येत नाही.

मग वजन. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण पोस्टर आणि गाण्यांवरून अंदाज बांधतात. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळा भागात चित्रित झालेला 'सैराट' (२०१६) पूर्वार्धात भरपूर हसवतो, नाचवतोही. पण त्याचा शेवट थकल्या रविवारी झेपणारा नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढावा. त्याच वर्षीचा राजेश मापुसकरांचा 'व्हेंटिलेटर' मात्र नेमका आपल्या जातीचा आहे. घरातलं मोठं माणूस दवाखान्यात अत्यवस्थ, गणपती तोंडावर आलेले, आणि जमलेल्या गोतावळ्याच्या वागण्यातून निघणारं हसू. पण मित्राच्या वडिलांसाठी सिव्हिलला फेऱ्या चालू असतील, तर उत्तम असूनही तो त्या रविवारचा सिनेमा नव्हे.

हे आधी कळावं म्हणून सिनेमा पाहिलेल्या तिसऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारा. आजारपण किंवा मृत्यू आहे का? आणि शेवटी माणसं एकमेकांजवळ येतात की तुटतात? याच्यापुढे त्याला बोलू देऊ नका. परीक्षणं वाचू नका. गोष्ट न सांगता सिनेमाबद्दल लिहिणं फार थोड्यांना जमतं.

भाषा मूळचीच ठेवा. डबिंगमध्ये गोष्ट कळते, पण विनोद पडतो, कारण तो वाक्याच्या ठेक्यात असतो. सोलापुरात मित्राच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते हे नवं नाही, त्यामुळे तीन नावांत एखादं तेलुगू किंवा कन्नड यायला काहीच हरकत नाही. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. सबटायटल वाचणाऱ्याला विनोद नट बोलायच्या आधीच कळतो, त्यामुळे तुम्ही अर्धा सेकंद आधी हसता आणि मित्राच्या कानावरचं वाक्य बुडतं. अशा वेळी हसू जरा दाबून धरावं लागतं. दोघांनाही समजणारी भाषा असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर सबटायटल बंदच बरे.

*तपासा :* ठरलेला सिनेमा शुक्रवारी रात्री आजही त्या ॲपवर आहे ना, हे उघडून बघा. मागच्या महिन्यात होता म्हणजे आजही असेल असं नाही. डाउनलोडची सोय असेल तर तेव्हाच उतरवून ठेवा.

टप्पा २ : वेळ संध्याकाळची धरा

सुरुवात पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान करा. रात्री साडेनऊ ही या कामाची वेळच नव्हे. सिनेमा जिथे तुमच्याकडून सगळ्यात जास्त मागतो, तो शेवटचा अर्धा तास तेव्हा साडेअकराला येतो; दोन दिवस धावलेलं शरीर त्या वेळी काही द्यायच्या स्थितीत नसतं. शिवाय मित्राला सोमवारी सकाळची पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची असेल, तर तो दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणार.

आता खास आपल्याकडची अडचण. पुण्या-मुंबईचे पाहुणे सोलापूरला येतात ते अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर एका शनिवार-रविवारात उरकायच्या बेताने. नकाशावर तिन्ही गावं जवळ दिसतात, पण दिशा तीन आहेत: अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ च्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या पुढे, आणि प्रत्येक वेळी परत शहरात यायचं. गाडी तुम्ही चालवली असेल आणि रविवारी पंढरपूर असेल, तर सिनेमा सोमवारी संध्याकाळी ठेवा. दर्शनाची रांग किती वेळ घेईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मित्राला "निघालोच, मोहोळ आलं" असं तीनदा सांगावं लागतं. पाहुण्यांना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला सोडायचं असेल तर सिनेमा त्याच्या आधी संपला पाहिजे. स्टेशनवरून परत येऊन लावू, हा बेत करूच नका.

*तपासा :* पाण्याची पाळी. सोलापुरात हे विसरून कुठलाच कार्यक्रम ठरत नाही. काही दिवसांआड येणारं पाणी नेमकं रविवारी संध्याकाळी असेल, तर अर्धा सिनेमा मोटार चालू-बंद करण्यात आणि टाकी भरली का बघण्यात जाईल. पाणी तुमच्याकडे असेल तर मित्राच्या घरी जमा. दोघांच्या भागात एकाच दिवशी पाणी असेल तर दिवस बदला.

टप्पा ३ : आधी अंग, मग सिनेमा

पाहुणे गेल्या गेल्या टीव्हीसमोर बसू नका. मध्ये किमान दीड तास ठेवा. अंघोळ करा, दोन तांबे पाणी प्या. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असताना दिवसभर फिरलेल्या माणसाला जो थकवा वाटतो त्यात काही हिस्सा पाणी कमी पडल्याचाही असतो. मग २० मिनिटांची डुलकी. गजर लावूनच. अर्ध्या तासाच्या पुढे झोप गेली की गाढ झोपेतून उठावं लागतं, आणि त्या जडपणातून बाहेर यायला पुन्हा अर्धा तास लागतो. सोफ्यावर झोपा, पलंगावर नको. पलंगावर पडलेला माणूस गजर बंद करून कूस बदलतो.

चहा साडेपाचला. सातनंतरचा कडक चहा टाळा, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही अंगात असतो आणि मग सिनेमा संपल्यावर झोप उडते.

*सावधान :* दुपारी लग्नाच्या पंगतीत जेवून आलेल्या मित्राला संध्याकाळी थेट खुर्चीत बसवू नका. आधी त्याला गच्चीवर किंवा गल्लीत दहा मिनिटं चालवा.

टप्पा ४ : खोली

उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो आणि पश्चिमेची खिडकी टीव्हीच्या काचेवर आदळते. पडदा पातळ असेल तर सोलापुरी चादर दुहेरी करून खिडकीला लावा. दोन खिळे आणि चार चिमटे पुरतात. याच्यापेक्षा स्वस्त अंधार मिळत नाही.

कूलरचं गणित वेगळं. त्याच्या घरघरीत ओरडून बोललेले संवाद ऐकू येतात, पुटपुटलेले येत नाहीत; आणि या जातीच्या सिनेमांत खरा विनोद पुटपुटण्यातच असतो. म्हणून कूलर चार वाजताच पाणी भरून जोरात चालू करा, खोली गार होऊ द्या, आणि सिनेमा लागला की वेग सगळ्यात कमी ठेवा. तरीही बोलणं दबत असेल तर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये संवाद किंवा स्पीच असा पर्याय असतो, तो निवडा. नुसता आवाज वाढवलात तर पार्श्वसंगीतही वाढतं आणि शेजारचे दार वाजवतात.

चित्र 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोडवर. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर चांगला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. हे सगळं मित्र यायच्या आधी उरका. त्याच्यादेखत सेटिंगमध्ये शिरलात की वीस मिनिटं तिथेच जातात आणि दोघांनाही आपण इंजिनिअर असल्याचा साक्षात्कार होतो.

बसण्याची जागा शेजारी-शेजारी, समोरासमोर किंवा काटकोनात नको. याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ५ : खाणं दोन भागांत वाटा

पोटभर जेवण सिनेमानंतर. शीक कबाब खाऊन बसलेला माणूस अर्ध्या तासात डुलायला लागतो. आधी थोडंसं, मध्यंतरात थोडंसं, एवढंच.

आधीच्या भागात दही, शेंगाचटणी आणि धपाटे. कडक भाकरी आवडत असेल तर ती सिनेमा सुरू व्हायच्या आधी संपवा किंवा चुरून दह्यात भिजवा. शांत प्रसंगात कुणी कडक भाकरीचा तुकडा मोडला तर त्याचा 'कट्' असा आवाज पडद्यावरच्या वाक्याच्या बरोब्बर मधोमध पडतो, आणि मग चावण्याचा आवाज आहेच. भाजलेल्या शेंगा त्याहून वाईट. टरफल फोडायला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे लागतात, म्हणजे ज्या क्षणी नटाच्या चेहऱ्यावर काही घडतं त्या क्षणी तुम्ही मांडीवरचा कुजका दाणा वेगळा काढत असता. सोललेले दाणे वाटीत ठेवा.

*तपासा :* पाण्याचा तांब्या, दोन पेले, हात पुसायला टॉवेल हाताशी आहे? सिनेमा सुरू झाल्यावर स्वयंपाकघरात कुणी जायचं नाही.

टप्पा ६ : पहिला तास

दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत. उलटे करून टीपॉयवर ठेवलेला फोन थरथरतोच. घरच्यांना सांगून ठेवा, तातडीचं असेल तर आत येऊन हाक मारा.

सिनेमा मूळ वेगात चालू द्या. वेळ वाचवण्यासाठी दीडपट वेगात बघायची सवय आजकाल अनेकांना आहे. बातम्यांना ती चालेल. विनोदात नट बोलायच्या आधी जो थांबतो, त्या थांबण्यावर सगळं उभं असतं, आणि वेग वाढवला की पहिला तोच नाहीसा होतो.

"काय म्हणाला?" हा प्रश्न पूर्ण सिनेमात प्रत्येकाला दोनदा माफ. मागे नेऊन पुन्हा बघणं त्याहून कमी, कारण मागे नेऊन ऐकलेल्या विनोदावर हसू येत नाही, फक्त "अच्छा" येतं. मित्राला आधीच्या सिनेमांतले नट ओळखायची खोड असेल, "हा तोच ना, त्या मालिकेतला मामा?", तर ती शोधाशोध नंतरवर ठेवा.

पंचविसाव्या मिनिटाला एक सरळ निर्णय घ्या. तोवर दोघांपैकी एकही एकदाही हसला नसेल तर सिनेमा बंद करून तीन नावांतलं दुसरं लावा. त्यानंतर मात्र बदल नाही. अर्ध्यावर आलेला सिनेमा बदलणारी जोडी त्या रात्री कुठलाच शेवट बघत नाही.

सिनेमा आधी पाहिलेला माणूस दोघांत असेल तर त्याच्यासाठी वेगळी ताकीद. विनोद यायच्या आधी मित्राच्या तोंडाकडे बघायचं नाही. "आता बघ, आता बघ" म्हणायचं नाही. हे सांगूनही ऐकत नसेल तर त्याला पुढे, जमिनीवर गादी टाकून बसवा.

*मध्यंतर :* घ्याच. पडद्यावर मध्यंतर आलं नाही तर साधारण मध्यावर एखादा प्रसंग संपल्यावर थांबवा. सात-आठ मिनिटं; बाथरूम, पाय मोकळे, उरलेलं खाणं. दिवा मंदच ठेवा. सिनेमावर चर्चा नको, पुढे काय होईल याचे अंदाज तर मुळीच नकोत, कारण बोलून दाखवलेला अंदाज खरा ठरला की शेवटाची हवा जाते. यानंतर सिनेमा थांबवायचा नाही.

टप्पा ७ : शेवटचा अर्धा तास

सिनेमा वळण घेतो ते बहुतेक वेळा आवाजावरून कळतं. पार्श्वसंगीत कमी होतं, माणसं एकमेकांचं वाक्य तोडायची थांबतात, कॅमेरा एका चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहतो. इथे दमलेल्या प्रेक्षकाकडून तीन चुका होतात.

पहिली म्हणजे विनोद करणं. तासभर हसल्यामुळे जीभ सैल झालेली असते, आणि गळा दाटायला लागला की आपल्याकडच्या पुरुषांना हमखास कोटी सुचते. मित्र हसतो, पडद्यावरचा क्षण निघून जातो, आणि तो परत आणता येत नाही. कोटी सुचली तर दाण्याची वाटी घ्या.

दुसरी, शेजारी बघणं. मित्र रडतोय का, हे तपासू नका. शेजारी-शेजारी बसायला सांगितलं ते याचसाठी. काटकोनात बसलं की नजर आपोआप जाते, समोरच्याला कळतं, आणि तो लगेच चष्मा पुसायला घेतो. टॉवेल मधोमध ठेवलेला असतोच. ज्याला लागेल तो न बोलता उचलेल. तुमचे स्वतःचे डोळे भरले तर भरू द्यात. पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जाणं ही याचीच दुसरी आवृत्ती आहे.

तिसरी चूक सगळ्यात सर्रास: नावं वर सरकायला लागली की दिवा लावून "चला, जेवू" म्हणणं. पूर्ण श्रेयनामावली जाऊ द्या. ॲप पुढचा सिनेमा आपोआप सुरू करतं, ते सेटिंग आधीच बंद करून ठेवलेलं असावं. नाहीतर डोळ्यांत पाणी असतानाच कुठल्यातरी मारधाडीचा ट्रेलर गडगडतो. या दोन-तीन मिनिटांत कुणीही बोलायचं नाही. अवघडल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

*सावधान :* मित्र खरोखर हमसून रडायला लागला तर ते बहुधा सिनेमामुळे नसतं. समजावू नका, "अरे, पिक्चरच आहे" तर अजिबात म्हणू नका. आवाज बंद करा आणि तो बोलेपर्यंत बसून राहा. तो काय सांगेल ते सिनेमापेक्षा महत्त्वाचं, आणि जेवण दहाला झालं तरी चालतं.

टप्पा ८ : नंतर

"कसा वाटला?" हा प्रश्न विचारला की "मस्त" एवढंच उत्तर येतं आणि गप्पा तिथेच आटपतात. एका माणसाबद्दल विचारा. "तो भाऊ शेवटी आला असता का, तुला काय वाटतं?" असं काहीतरी. सिनेमातल्या माणसाबद्दल बोलता बोलता बोलणं स्वतःच्या भावावर, बापावर, जुन्या भाडेकरूवर जातं, तिकडे जाऊ द्या. सिनेमातल्या उणिवा त्याच रात्री काढायची घाई नको. दिग्दर्शन कुठे फसलं हे मंगळवारी फोनवर सांगितलं तरी चालतं.

जेवण साधं ठेवा, आमटी-भात, भाकरी. जेवल्यावर मित्राला सोडायला पायी जा, निदान त्याच्या गाडीपर्यंत किंवा कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत. जी दोन वाक्यं घरात बोलता येत नाहीत, ती चालताना निघतात.

थिएटरला जायचं असेल तर

टप्पा १ ते ३ जसेच्या तसे. संध्याकाळचा सहाच्या सुमाराचा खेळ घ्या, रात्रीचा नको. मधल्या रांगेपेक्षा मागच्या बाजूची, पण अगदी भिंतीला न टेकलेली जागा बरी. गर्दीत हसायला मजा येते, पण शेवटी शिट्टी मारणारा एखादा असतोच. त्याच्याशी भांडत बसलात तर तुमचाही शेवट जातो. एसीत दोन तास बसल्यावर बाहेर उकाडा अंगावर येतो, तेव्हा लगेच गाडी काढू नका.

बिघडलं तर

वीज गेली: इन्व्हर्टरवर टीव्ही आणि राउटर चालतात का, हे आधीच बघून ठेवलेलं असावं. चालत नसतील तर उतरवलेला सिनेमा लॅपटॉपवर लावा. फोनवर नको, दोन मोठ्या माणसांनी एका फोनमध्ये डोकं घालून शेवट बघणं दोघांच्याही मानेला परवडत नाही.

तिसरा माणूस अचानक आला: पहिल्या अर्ध्या तासात आला तर बसवून घ्या आणि दोन वाक्यांत गोष्ट सांगा. मध्यंतरानंतर आला तर सिनेमा थांबवा, त्याला चहा द्या, तो गेल्यावर पुढे बघा. "बघा की तुम्ही, मी बसतो गप" म्हणणारा माणूस गप बसत नाही.

दोघांपैकी एकाला झोप लागली: हलवून उठवू नका, आणि दुसऱ्याने एकट्याने शेवटही बघू नका. सिनेमा तिथेच थांबवा, किती मिनिटांवर थांबला ते लिहून ठेवा, टीव्ही बंद करा. दोन-तीन दिवसांत पुन्हा बसा आणि थांबलेल्या जागेच्या वीस मिनिटं मागून सुरू करा, कारण झोपणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून निदान तेवढा भाग नुसताच गेलेला असतो. आठवडा उलटला असेल तर पहिल्यापासून लावा.